सोललेले वाल

श्रावण लागला की डोंबिवली स्टेशनाबाहेर पूर्वेला बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांच्या मांडणीत फरक पडतो. एरवी पालक-मेथीच्या जुड्या लावणाऱ्या मावशी निळ्या प्लास्टिकवर वालाचे दोन ढीग घालून बसतात. एक मोड आलेल्या, सालासकट, तपकिरी वालांचा. दुसरा सोललेल्या डाळिंब्यांचा, पोपटी-पिवळा, वर ओलं फडकं टाकलेला. दुसऱ्या ढिगाचा भाव पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. संध्याकाळी गाडीतून उतरून मी नेहमीप्रमाणे त्या फडक्याकडे बोट दाखवणार, तर माझ्याआधी एक बाई उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, नीटनेटक्या. मावशींनी बांधलेली पाव किलोची पुडी त्यांनी हातात घेतली, तोलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग कायमची ठेवली आणि सालाच्या ढिगाकडे वळल्या. कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "घरीच असते मी. सोलीन." मावशींनीही आग्रह केला नाही. वाल मोजून दिले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी नोकरीवाल्या ताई, तुमाला सोललेलंच लागंल."

पैशांचा प्रश्न नव्हता. त्या बाईंच्या पिशवीतून किवीचं खोकं डोकावत होतं.

रिक्षात बसले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या बाई ओशाळल्या वगैरे अजिबात नव्हत्या. साधा हिशेब सांगावा तशा बोलल्या. नोकरी करणारीला सोललेले वाल, घरी असणारीला सालाचे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण भाजीवालीला तो पाठ, गिऱ्हाइकाला पाठ आणि मलाही पाठ. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतेय. फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत उभा जन्म गेला, आणि त्या जन्मात जे जे म्हणून आयतं घेतलं, त्या प्रत्येकापुढे एकच सबब लावलेली होती, वेळ नाही. वेळ नाही म्हणून पोळ्यांना बाई. वेळ नाही म्हणून चकलीची भाजणी विकतची. वेळ नाही म्हणून साड्या इस्त्रीला. एप्रिलपासून वेळच वेळ. मग पुढच्या श्रावणात ती पुडी मी उचलायची की ठेवायची?

वाल ज्यांनी सोललेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अलिबाग-पेणकडचे कडवे वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात गच्च बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि परात घेऊन बसायचं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये वाल धरून टोकाशी हलकेच दाबला की डाळिंबी टुणकन बाहेर येते, साल बोटांत राहतं. दाब किंचित जास्त झाला की डाळिंबीच्या दोन पाकळ्या होतात, आणि उसळीत पाकळ्या दिसल्या की आमच्या आजीच्या कपाळाला आठी. पहिला पसाभर मजेत जातो. मग सालं नखांत शिरतात, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुततात, एक कडसर वास हाताला बसतो तो जेवताना घासाबरोबर नाकाशी येतो, मान भरून येते आणि परात आहे तेवढीच दिसते. एवढं करून होते ती पातेलीभर उसळ, नि श्रावणी सोमवारचा उपास सोडायला बसलेली मंडळी ती बघता बघता फस्त करतात. मला हे काम येतं, चांगलं येतं. आवडत नाही. या शेवटच्या दोन शब्दांना आमच्या घरात कारण म्हणून कधी कुणी दाखल करून घेतलं नव्हतं.

मी वाढले गिरगावातल्या चाळीत. घरखर्चाच्या वहीत दोनच कप्पे, खर्च आणि चैन. कुठली गोष्ट कुठे जाते हे मला लहानपणी स्वयंसिद्ध वाटायचं. दादांची रविवारची दाढी सलूनमध्ये व्हायची. खुर्चीत मागे रेलून, रेडिओ ऐकत, शेवटी गालांवर तुरटी फिरवून घेत. ती खर्चात. इराण्याकडचा चहा खर्चात, दोन वर्तमानपत्रं खर्चात, पान-तंबाखूचं तर विचारायलाच नको. आईला मिक्सर हवा होता, ती चैन. खोल्यांच्या मागच्या मोरीपाशी पाटा होता. त्यावर आई रोज गुडघे मोडून ओलं वाटण वाटायची. अधूनमधून चाळीत "टाकीय्ये" अशी हाळी यायची. ती बाई छिन्नी-हातोडीने पाट्याला टाकी लावून जायची आणि त्या दिवशीच्या चटणीत दाताखाली बारीक कचकच लागायची. साठच्या दशकात बाजारात आलेला सुमीतचा मिक्सर आमच्याकडे यायला ऐंशी साल उलटून गेलं. आला तोही आईचा खांदा धरल्यावर, डॉक्टरांनी औषधाबरोबर लिहून दिल्यासारखा. बाईच्या हाताचे श्रम वाचवणारी वस्तू घरात यायची तर आधी तिला दुखणं यावं लागे. दादांना दाढीसाठी काही दुखावं लागलं नव्हतं. ते वाईट नव्हते हो, उलट फार मायाळू. पण वही त्यांच्या हातात होती.

त्याच गिरगावात 1959 साली सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. लिज्जतची ही गोष्ट आपण नेहमी लाटणाऱ्यांच्या बाजूने सांगतो, आणि ती तशीच सांगण्याजोगी आहे. मला मात्र पाकीट विकत घेणाऱ्या पहिल्या बाईचं कुतूहल आहे. उडदाचं पीठ कुटता येत होतं, लाट्या तोडता येत होत्या, चाळीत वाळवणाला गच्ची होती, तरीही तिने पैसे मोजले. तिला सासूने काय ऐकवलं असेल? आज विकतचा पापड आणणारीला आळशी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. शेवयांचं तेच झालं, मसाल्यांचं झालं, श्रीखंडाचं झालं. चक्का आणून पुरणयंत्रातून फिरवणारं घर आता शोधावं लागेल. डाळिंब्या सध्या मधल्या पायरीवर आहेत एवढंच. आणखी एक गोष्ट मनात येते. परळ-लालबागला गिरणी कामगारांना घरच्या घरी जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. गावाकडून एकट्या आलेल्या कामगाराने पैसे देऊन भाकरी-कालवण खाल्लं तर ती त्याची गरज होती, त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. त्याची बायको इथे राहायला आली असती आणि कंटाळा आला म्हणून महिन्यातून एकदा त्याच खानावळीतून डबा मागवला असता, तर?

असो. दुसऱ्यांचं पुष्कळ झालं. माझ्या खऱ्या चैनीकडे येते. ती म्हणजे लोकलचा पहिल्या वर्गाचा पास.

याचं समर्थन करणं कठीण. गाडी तीच, रूळ तेच, गाडी लेट झाली तर पहिला वर्गही लेट. पासाचे पैसे मात्र कितीतरी पट. नवरा सुरुवातीला विचारायचा, बसायला तरी मिळतं का? सकाळी डोंबिवलीला बायकांच्या त्या इवल्याशा डब्यात बसायला कसलं मिळतंय. मी विकत घेते ते फक्त कोपर. म्हणजे दुसऱ्याचं कोपर बरगडीत न येण्याची बऱ्यापैकी खात्री, नि एक हात मोकळा, त्या हातात पुस्तक. तेवढ्यासाठी मी बाकी बऱ्याच ठिकाणी हात आखडता घेतला. चांगल्या हॉटेलात जाणं कमी केलं, सोनं घेतलं नाही. कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं, गाडी हलते तेव्हा शेजारच्या दुसऱ्या वर्गाच्या दारात अर्ध्या बाहेर असलेल्या मुली दिसतात त्याचं. दादा राजापूरकडचे आणि मधू दंडवते राजापूरचे खासदार, त्यामुळे 1977 मध्ये ते रेल्वेमंत्री झाल्यावर लांबच्या गाड्यांत दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी जो दोन इंच फोम घातला, त्याचं कौतुक आमच्या घरात अनेक वर्षं पुरलं. पहिल्या वर्गाची गादी काढून घ्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची, असा तो साधा विचार. आज स्लीपरच्या बर्थवर पाठ टेकताना त्याला चैन म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

उलटंही घडतं. पश्चिम रेल्वेवर 25 डिसेंबर 2017 ला पहिली एसी लोकल धावली, पुढे आमच्या मार्गावरही आल्या, 2022 च्या मे महिन्यात एकेरी तिकीट निम्म्यावर आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरचे लोक रस्त्यावर, म्हणजे रुळांवर उतरले, कारण नव्या एसी फेऱ्या साध्या गाड्यांच्या वेळा खाऊन धावत होत्या. शेवटी मध्य रेल्वेला त्या मागे घ्याव्या लागल्या. एसी लोकलमधून मीही दोनचार वेळा गेलेय. दार बंद होतं तो क्षण काय सुखाचा असतो, ते एप्रिल-मेमध्ये विचारा. पण माझ्या सुखापायी मागची साधी गाडी रद्द होत असेल, तर मी तिकिटाची किंमत भरलीच नाही. उरलेली बदलापूरच्या कुणीतरी भरली.

पोळ्यांच्या मावशींचं प्रकरण याच्याहून अवघड. सकाळी साडेसहाला येतात, चपला दाराबाहेर काढून सरळ ओट्याशी. कणीक आदल्या रात्री मी भिजवून ठेवायची नाही हा त्यांचा नियम. त्यांना स्वतःच्याच हातची लागते. लाटीला तेलाचं बोट, पीठ भुरभुरून त्रिकोणी घडी, आणि लाटणं असं फिरतं की पोळी आपोआप गोल गोल सरकत जाते. मी जन्मभर लाटून माझी पोळी त्यांच्यासारखी सुटत नाही. तव्यावर टम्म फुगली की चिमट्याबिमट्याशिवाय बोटांनीच उचलतात. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं इतकी कडक झाली आहेत की एकदा रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठ्याचा ठसा उमटेना म्हणून रेशन अडलं होतं. मी निवृत्त होणार हे त्यांनी कुठून तरी ऐकलं आणि पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग ताई, एप्रिलपासून माजं काम बंद का?" याच प्रश्नाची सभ्य आवृत्ती नवऱ्यानेही त्याच आठवड्यात विचारली. मावशींना मी तिथल्या तिथे नाही म्हणाले. मग दिवसभर वाटत राहिलं की आपण काय म्हणून नाही म्हणालो. त्यांची गरज आहे म्हणून? ही सबब तर फारच गोंडस आहे. माझ्या आयत्या पोळीवर दयाबुद्धीचं तूप घालून मी ती खायची! त्यांची गरज खरी आहे, पण मला पोळ्या लाटायच्या नाहीत हेही खरं आहे, आणि दुसरं खरं पहिल्याच्या पदराआड लपवायचं काही कारण नाही.

माझी आत्या पुण्यात नारायण पेठेत राहायची. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, हक्काची रजा आणि पगारवाढ मागितली, तेव्हा वाड्यातल्या सगळ्या जावा-जावा आपापली भांडी घेऊन नळावर बसल्या. आत्या सांगायची, पहिल्या दिवशी संपवाल्यांना नावं ठेवली, दुसऱ्या दिवशी हात भाजल्यासारखे झाले, मग कुणी नावं ठेवेना. सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत ही साधी गोष्ट मी आत्याकडून शिकले. परवडत नसेल तर कमी दिवस बोलवावं. घासाघीस करून मिळवलेली चैन मला तरी पचत नाही. भाजीवालीने सोललेल्या वालांचा भाव सांगितला की मी त्यात वाद घालत नाही, कारण त्या परातीपुढे रात्री कोण बसलं असेल ते मला बोटांनी माहीत आहे.

म्हणजे मी सगळंच विकत घेते असं नाही. गणपतीत उकडीचे मोदक आता दारोदार ऑर्डरीवर मिळतात, छान मिळतात, एकाला तीस-चाळीस रुपये पडले तरी लोक रांगा लावतात. माझ्या मोदकांना वेळ लागतो, उकड कधी चिरते, कधी सारण पाघळतं. तरी ते मी घरीच करणार. पारी हातावर वाटीसारखी होत जाते, मग चिमटीने एकेक कळी काढायची, सगळ्या जवळ आणून नाक करायचं, या कामात मला कुणी पैसे देऊनसुद्धा बाजूला करू नये. आता वाल आणि मोदक यांत कष्टाच्या दृष्टीने काय फरक? काही नाही. एक नकोसं वाटतं, एक हवंसं. माझी एक मैत्रीण बरोब्बर उलटी. वाल सोलत मालिका बघणं हा तिचा विश्रांतीचा काळ आणि मोदक ती बिनदिक्कत मागवते. दोघींनी एकमेकींचे घास वाटून खावेत, भांडण नाही.

आणि काही चैनी अशा निघतात की त्यांच्याबद्दल आधी काहीच ठरवता येत नाही. मागच्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात काशाच्या वाटीने तळपाय चोळून देणारं यंत्र होतं. पावलं ठेवायची, तळव्यांना तेल लावून देतात, काशाची गोल तबकडी खालून फिरत राहते. बघता बघता तळवे काळे झाले. चालवणारा मुलगा म्हणाला, शरीरातली उष्णता निघतेय. मी काही बोलले नाही. धातू तेलावर घासला की काळं होणारच, तळव्यात उष्णता असो नसो. बरोबरच्या बायकांना आजीची आठवण आली. मलाही आली, पण वेगळी. आजीचे तळवे चोळायचं काम माझं होतं. रोज रात्री, अभ्यास झाला की, खोबरेल आणि काशाची वाटी. ती "अजून थोडं" म्हणायची आणि माझं मनगट भरून यायचं. त्या यंत्रापुढे बसल्यावर सगळ्यात जास्त सुख कशाचं वाटलं, तर कुणाचंही मनगट दुखत नव्हतं त्याचं. पैसे देऊन मी आणखी दहा मिनिटं वाढवून घेतली.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, आई, तू फार विचार करतेस. ती बंगळुरूला असते. तासावर मदतनीस बोलावते, कोथिंबीर दहा मिनिटांत मागवते, आणि मी वेळ विकत घेते म्हणते. घे बाई. फक्त विकत घेतलेला तो वेळ सोफ्यावर आडवं पडून मोबाईल बघण्यात जातो हे मी पाहिलंय. पण मग वाटतं, जाऊ दे ना. बाईने वाचवलेल्या वेळाचा लगेच हिशेब मागायची सवय आपल्याला कुठून लागली? दादा सलूनमधून आल्यावर त्या अर्ध्या तासाचं काय केलंत असं आईने कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी नवरा वही घेऊन बसला. तो दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय, त्यामुळे या विषयात स्वतःला वरिष्ठ समजतो. पेन्शन आणि व्याज डावीकडे, खर्च उजवीकडे. पहिल्या वर्गाचा पास त्याने न विचारता खोडला. तो खोडायचाच होता, मीही काही बोलले नाही. पोळ्यांपुढे प्रश्नचिन्ह काढलं, ते मी रबराने पुसलं. डाळिंब्यांसाठी वेगळी ओळ करू का, असं त्याने मिश्किलपणे विचारलं. म्हटलं, कर. श्रावणापुरती. मग इस्त्री. त्याचे शर्ट तो स्वतः करणार म्हणाला, हे मात्र अनपेक्षित होतं. आणि माझ्या सुती साड्या? मंगळगिरी, नारायणपेठी, दोनचार जुन्या इरकली. या मी बाहेर स्टार्च करून रोल प्रेसला देते, साडीमागे बऱ्यापैकी पैसे लागतात. कडक, जरा कुरकुरणारी, निऱ्या घातल्या की निऱ्या तशाच राहणारी साडी अंगावर आली की पाठ आपोआप ताठ होते. तो म्हणाला, "अगं, पण आता नेसून जाणार कुठे?"

कुठेच नाही, म्हटलं. घरातच नेसणार आहे.

त्याने रक्कम लिहिली. जरा कमीच लिहिली होती, ती मी वाढवून घेतली. चार साड्या कालच टाकून आलेय, बुधवारी मिळतील.